हरवलेली चौकट : शिशूंची चित्रपुस्तके, शिष्टाचार आणि जातककथा

दोन-अडीच वर्षांचे मूल पुस्तक वाचत नाही, ते पाहते. खालची ओळ वाचण्याचे काम मोठ्यांचे. मुलाचे काम चित्रावर बोट ठेवून 'हे कोण?' असे विचारण्याचे. म्हणूनच शिशूंच्या चित्रपुस्तकाची चिकित्सा करताना खाली काय छापले आहे यापेक्षा चित्रात कोण बसले आहे व कोण उभे आहे, कोणाच्या हातात पुस्तक आहे व कोणाच्या हातात झाडू, हे अगोदर पाहावे लागते. आपल्या विहारांतून आज बालसंस्कार वर्ग भरतात. त्रिसरण-पंचशील म्हणणारी मुले आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली त्यांची धाकटी भावंडे तेथे दिसतात. ह्या मुलांच्या हाती देण्यासाठी जातककथांची रंगीत चित्रपुस्तके घेतली जातात. 'वडीलधाऱ्यांचा मान राखा', 'गोड बोला', 'वाटून खा' अशी तात्पर्ये त्यांच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापलेली असतात. मुलांना चांगले वळण लागावे ही त्यामागील तळमळ खरी आहे. तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, ज्या कथांच्या आधाराने हे वळण लावले जाते त्या मूळ पालि वाङ्मयात काय सांगतात, आणि चित्रपुस्तकात येईपर्यंत त्यांतून काय गळून पडते. प्रस्तुत लेखात मुख्यतः दोन जातककथांच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वी घरातील एक प्रसंग सांगतो. माझी पुतणी तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. बालवाडीत जाऊ लागल्यावर ती 'थँक्यू' म्हणू लागली, 'सॉरी' म्हणू लागली, पाहुण्यांना हात जोडून 'जय भीम' म्हणू लागली. तिच्या शिष्टाचाराचे सर्वांना कौतुक होते. एके सकाळी दारावरची घंटा वाजली आणि ती आतून ओरडली, "आई, कचरावाली आली!" घरात आम्ही चौघे मोठे होतो. त्यांपैकी एकालाही त्यात काही खटकले नाही, मलाही नाही. संध्याकाळी तिचे 'आपले मदतनीस' ह्या विषयावरील चित्रपुस्तक चाळत होतो. त्यात 'डॉक्टरकाका' होते, 'शिक्षिकाबाई' होत्या, 'पोलीसमामा' होते. कचरा नेणारी बाई मात्र नुसती 'कचरावाली' होती. मुलीने पुस्तकातील धडा चोख गिरविला होता. चूक पुस्तकाची होती, आणि ते वाचून दाखविताना न अडखळणाऱ्या माझीही होती.

शिष्टाचार म्हणजे कोणाचा आचार?

'शिष्टाचार' ह्या शब्दाचा सरळ अर्थ शिष्टांचा आचार असा आहे. शिष्ट कोण हे ज्यांनी ठरविले, त्यांनीच इतरांनी त्यांच्याशी कसे वागावे हेही ठरविले. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय हा मुलाच्या संस्काराचा व शिक्षणाचा अध्याय आहे. जन्मानंतर दहाव्या किंवा बाराव्या दिवशी मुलाचे नाव ठेवावे, आणि ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक व शूद्राचे निंदासूचक असावे, असे तेथे सांगितले आहे. ज्या अर्भकाला अजून मान धरता येत नाही त्याचा मान किती, हे दहाव्या दिवशीच ठरून जाई. त्याच अध्यायात भेटीच्या वेळी विचारपूस कशी करावी याचाही नियम आहे. चार वर्णांना चार वेगळे शब्द वापरावयाचे. ब्राह्मणाला ज्या शब्दाने खुशाली विचारावयाची तो शब्द शूद्रासाठी वापरावयाचा नाही. गावगाड्यात हा नियम ग्रंथाशिवायही पाळला जात होता. महाराने जोहार घालावा आणि तो दुरून घालावा, ही त्या व्यवस्थेतील 'चांगली वागणूक' होती. अंतर राखणे हीच तेथील सभ्यता होय.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात गुणांनुसार मिळणारी जागा त्यांच्यासाठी नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसावयाचे, बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा आणि संध्याकाळी परत न्यावयाचा. तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडील तेव्हा पाणी. तो नसेल तर पाणी नाही. बसण्याची जागा आणि पिण्याचे पाणी ह्या दोनच गोष्टींतून एका लहान मुलाला त्याची पायरी शिकविली जात होती. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन, ही दोन कृत्ये ह्या शिष्टाचाराला दिलेली उत्तरे होती. तेव्हा बौद्ध मातापित्यांनी मुलांना 'नम्र व्हा' असे सांगताना थोडे थांबले पाहिजे. कोणापुढे, कशासाठी आणि किती, हे विचारल्याशिवाय नम्रता शिकविणे आपल्याला परवडणारे नाही.

वडाखालचे तिघे

चित्रपुस्तकांतून हमखास आढळणारी एक कथा तित्तिरजातकाची आहे. जातकट्ठकथेतील हे ३७ वे जातक. हिमालयाच्या उतारावर एका मोठ्या वडापाशी तित्तिर, माकड आणि हत्ती असे तिघे राहत असत. ते एकमेकांना मान देत नसत. आपल्यात वडील कोण ते शोधून त्याला मान द्यावा, असे त्यांनी ठरविले. हत्ती म्हणाला, मी लहान असताना ह्या झाडावरून चालत जाई आणि त्याचा शेंडा माझ्या पोटाला लागे. माकड म्हणाले, मी लहानपणी जमिनीवर बसून मान लांब करून ह्याची वरची पालवी खाई. तित्तिर म्हणाला, अमक्या ठिकाणी एक मोठा वड होता. त्याची फळे खाऊन मी येथे विष्ठा टाकली, तिच्यातील बीजापासून हे झाड उगवले. सर्वांत लहान देहाचा तित्तिर सर्वांत वडील ठरला. हत्ती व माकड त्याला वंदन करू लागले आणि त्याने त्यांना पंचशील दिले.

शिशूंसाठी ह्याहून चांगली चित्रकथा सापडणे कठीण. एक झाड तीन वयांत तीन उंचींचे दिसते, आणि सर्वांत मोठा प्राणी सर्वांत लहानापुढे वाकतो. ही गंमत दोन वर्षांच्या मुलालाही कळते. परंतु पुस्तकाच्या शेवटी 'नेहमी मोठ्यांचे ऐकावे' असे तात्पर्य येते आणि कथा तेथे संपते. पालि वाङ्मयात ती तेथे संपत नाही. खरे म्हणजे तेथे सुरूही होत नाही.

जातकाची रचना वाचकांना परिचित आहे. आधी पच्चुप्पन्नवत्थु, म्हणजे तथागतांच्या काळात घडलेला प्रसंग. मग त्यावरून सांगितलेले अतीतवत्थु, म्हणजे पूर्वीची गोष्ट व तिच्यातील गाथा. आणि शेवटी समोधान, म्हणजे त्या वेळचा अमुक तो आजचा अमुक, अशी सांधजोड. पच्चुप्पन्नवत्थु ही कथेची चौकट आहे. तित्तिरजातकाची चौकट विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, सेनासनक्खन्धकातही आढळते. तथागत भिक्खुसंघासह श्रावस्तीकडे जात होते. छब्बग्गिय भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे जाऊन निवासाच्या सर्व जागा अडविल्या. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा मिळाली नाही. ते रात्रभर एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे तथागत बाहेर येऊन खाकरले, तेव्हा सारिपुत्तही खाकरले. "कोण आहे तेथे?" अशी विचारणा झाली आणि सर्व हकीकत उघड झाली.

मग तथागतांनी भिक्खूंना विचारले की, अग्रासन, अग्रोदक आणि अग्रपिंड, म्हणजे मानाची जागा, पहिले पाणी आणि पहिले अन्न कोणाला मिळावे? उत्तरे मोठी बोलकी आहेत. कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. कोणी म्हणाले, गृहपती कुळातून आलेल्याला. काहींनी विद्वत्ता पुढे केली, काहींनी ध्यानातील सिद्धी. तथागतांनी ही सर्व उत्तरे बाजूला सारली, तित्तिराची गोष्ट सांगितली आणि उपसंपदेच्या ज्येष्ठतेनुसार मान द्यावा असा नियम घालून दिला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्यांना रात्र झाडाखाली काढावी लागली ते सारिपुत्त जन्माने ब्राह्मण आणि संघातील अग्रगण्य प्रज्ञावंत होते. त्यांच्यासाठी कुळाचा किंवा विद्वत्तेचा हक्क सांगणे सोपे होते. तथागतांनी तो सांगितला नाही. शिवाय समोधानात तित्तिर स्वतः बोधिसत्त्व, हत्ती मोग्गल्लान आणि माकड सारिपुत्त आहेत. म्हणजे ज्यांची जागा हिरावली गेली, त्यांनाच गोष्टीत आपल्याहून लहान दिसणाऱ्यापुढे वाकताना दाखविले आहे.

जागा, पाणी आणि अन्न. साताऱ्याच्या शाळेतील गोणपाट आणि नळ आठवल्यावर ह्या तीन शब्दांचे वजन आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातील खेड्यांत वडा-पिंपळाला पार असे, आणि त्या पारावर कोणी बसावे व कोणी बसू नये हेही ठरलेले असे. तित्तिरजातक हे पारावरच्या जागेविषयीचे जातक आहे. चौकट काढून टाकली की त्यातून उरते ते केवळ आज्ञापालन. 'जन्माने कोणी मानाचा ठरत नाही' हे सांगणारी कथा 'मोठ्यांपुढे बोलू नये' हे सांगू लागते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. ज्येष्ठता हीदेखील एक उतरंडच नव्हे काय? वयाच्या नावाखाली घराघरांतून मुलांची, विशेषतः मुलींची, तोंडे बंद केली गेली आहेत. याच चुल्लवग्गाच्या दहाव्या खन्धकात आठ गरुधम्म आले आहेत. शंभर वर्षांची उपसंपदा झालेल्या भिक्खुनीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे, असे त्यांतील पहिल्यात म्हटले आहे. ह्या गरुधम्मांच्या प्राचीनतेविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. ते काहीही असो, तित्तिराचा न्याय तेथे स्त्रीला लागू झालेला नाही हे मान्य केले पाहिजे. ज्येष्ठतेचा गुण एवढाच की, ती कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. आज धाकटा असलेला उद्या थोरला होतो. जन्माची उतरंड तशी बदलत नाही. चित्रकाराने वडाखाली वाकणारा हत्ती काढावा, पण त्याच पुस्तकात मुलगी मागे आणि मुलगा पुढे असे काढू नये.

शहाणा बैल आणि अशिष्ट मालक

दुसरी कथा नन्दिविसाल जातकाची, २८ व्या क्रमांकाची. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाने नन्दिविसाल नावाचा बैल मुलासारखा वाढविला. बैलाने आपण होऊन त्याला सांगितले की, माझा बैल एकाला एक बांधलेल्या शंभर गाड्या ओढील अशी श्रेष्ठीशी हजारांची पैज लाव. पैजेच्या वेळी ब्राह्मण धुरेवर बसून ओरडला, 'चल रे लबाडा, ओढ रे लबाडा'. बैल जागचा हलला नाही आणि ब्राह्मण पैज हरला. पुढे बैलाच्याच सांगण्यावरून त्याने दोन हजारांची पैज लावली, त्याला 'भद्रा' म्हणून प्रेमाने हाक मारली, आणि बैलाने गाड्या ओढल्या.

ही कथा इंग्रजी बालवाङ्मयातही लवकर गेली. एलन बॅबिट यांच्या १९१२ मधील सचित्र 'जातक टेल्स' ह्या पुस्तकात ती आहे. तेथे पच्चुप्पन्नवत्थु गळालेले आहे, आणि पुढील बहुतेक बालपुस्तकांनी हाच प्रघात पाळला. आपल्याकडील चित्रपुस्तकांत तिचे तात्पर्य 'गोड बोलावे' असे येते, आणि चित्रात मालकाच्या हाती नाण्यांची थैली असते. मुलाला त्यातून काय समजते? गोड बोलले की पैसे मिळतात. गोड बोलून दुसऱ्याकडून ओझे ओढून घेता येते. ह्याला धम्मात सम्यक् वाचा म्हणत नाहीत. व्यवहारात त्याला लाडीगोडी म्हणतात.

मूळ कथेत हरल्यानंतर ब्राह्मण तोंड पांघरून निजतो, तेव्हा बैल त्याच्याजवळ येऊन काही प्रश्न विचारतो. इतके दिवस तुझ्या घरी राहिलो. मी कधी एखादे भांडे फोडले का? कोणाला तुडविले का? नको त्या जागी मलमूत्र केले का? ब्राह्मण म्हणतो, नाही. मग मला लबाड का म्हणालास? हा दोष तुझा आहे, माझा नाही. भांडी न फोडणे, कोणाला न ढकलणे, शी-शू योग्य जागी करणे! दोन वर्षांच्या मुलाच्या शिष्टाचाराचा अभ्यासक्रम यापेक्षा वेगळा काय असतो? बैलाने तो पूर्ण केलेला आहे. अशिष्ट ठरला आहे तो मालक, म्हणजे घरातील मोठा माणूस. ही कथा मुलांपेक्षा मोठ्यांना शिष्टाचार शिकविते. चित्रपुस्तकात बहुधा हाच प्रसंग गाळला जातो किंवा एका वाक्यात उरकला जातो.

आता चौकट पाहू. विनयपिटकात ही कथा पाचित्तियाच्या दुसऱ्या नियमाच्या संदर्भात सांगितली आहे. ह्या नियमाचे नाव ओमसवाद, म्हणजे घालून-पाडून बोलणे. छब्बग्गिय भिक्खू इतर भिक्खूंना हिणवीत असत. कशावरून? विनय त्याची यादी देतो : जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, कारागिरीवरून, आजारावरून, शरीराच्या ठेवणीवरून, आणि अशाच आणखी काही गोष्टींवरून. जातीच्या संदर्भात चंडाल, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस ही नावे त्या यादीत आली आहेत. कामाच्या संदर्भात 'पुप्फछड्डक' हा शब्द आला आहे. कोमेजलेली फुले काढून टाकणारा, म्हणजे आजच्या भाषेत कचरा उचलणारा. ह्यांपैकी कोणत्याही शब्दाने दुसऱ्याला खाली पाहावयास लावणे हा अपराध होय, असा तो नियम आहे. नन्दिविसालाची कथा ह्या नियमाची कथा आहे. 'गोड बोला' हा तिचा अर्थ फार तोकडा झाला. 'जातीवरून, कामावरून, रंगरूपावरून कोणाला हिणवू नका' हा तिचा पुरा अर्थ आहे.

'पुप्फछड्डक' हा शब्द थेरगाथेत आणखी एकदा भेटतो. सुनीत थेर स्वतःची ओळख करून देताना तोच शब्द वापरतात. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, पुप्फछड्डक होतो, लोक आपला तिटकारा करीत आणि आपण मान खाली घालून सर्वांना वंदन करीत असू, असे ते सांगतात. मग तथागतांची भेट झाली, त्यांनी सुनीतांना 'ये भिक्खू' म्हणून संघात घेतले, आणि पुढे इंद्र-ब्रह्मा हात जोडून त्यांच्यापुढे उभे राहिले. एक शब्द शिवी म्हणून वापरू नये असा नियम विनयाने केला. तोच शब्द एका थेराने आपल्या जीवनगाथेत ताठ मानेने उच्चारला. ह्या दोन्ही गोष्टी माहीत असलेला प्रस्तुत लेखक पुतणीच्या तोंडचा 'कचरावाली' हा शब्द ऐकून सकाळी स्वस्थ बसला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

भीती आणि हसे

मुलांना वळण लावण्यासाठी चित्रपुस्तके काढण्याची कल्पना युरोपात १९ व्या शतकात रूढ झाली. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमान यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी १८४४ मध्ये चित्रांची वही तयार केली. ती पुढील वर्षी छापली गेली आणि 'श्ट्रुवेलपेटर' ह्या नावाने जगभर गेली. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे कात्रीने कापले जातात. सूप नाकारणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. भीती हे तेथील शिक्षणाचे साधन आहे. त्यातील एक कथा आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. तीन गोरी मुले एका काळ्या मुलाला त्याच्या रंगावरून चिडवतात. शिक्षा म्हणून एक मोठा माणूस त्यांना दौतीत बुडवून त्याच्याहूनही काळे करतो. हेतू चांगला, पण चित्राचा अर्थ उलटा. काळे होणे ही जर शिक्षा असेल, तर काळेपणा ही वाईट गोष्ट आहे हे मूल शिकणारच. पुढे १९०० मध्ये अमेरिकेत जेलेट बर्जेस यांनी 'गूप्स' नावाची गोल डोक्याची प्रजा कल्पिली. गूप्स बोटे चाटतात, अन्न सांडतात. 'तू गूप आहेस का?' असे विचारून मुलाला लाज वाटावी अशी योजना आहे. येथे भीती नाही, हसे आहे. पण अशिष्ट असणाऱ्यांची एक वेगळी जमात कल्पावी लागली आहे. ज्यांना शतकानुशतके अशी वेगळी जमात म्हणून दाखविले गेले, त्यांच्या वारसांना ह्या युक्तीतील धोका समजावून सांगण्याची गरज नसावी.

विनयपिटकातील ७५ सेखिय नियमांतही खाण्याचे शिष्टाचार आहेत. तोंड भरलेले असताना बोलू नये, गाल फुगवून खाऊ नये, बोटे चाटू नयेत, 'चपुचपु' असा आवाज करू नये, 'सुरुसुरु' असा आवाज करू नये. हे दोन शब्द कोणत्याही शिशूला हसवितील असे आहेत. 'सुरुसुरु'च्या नियमामागील प्रसंग कोसम्बीचा आहे. एका ब्राह्मणाने संघाला दुधाचे पेय दिले. भिक्खू ते सुरुसुरु करीत पिऊ लागले, तेव्हा पूर्वी नट असलेला एक भिक्खू म्हणाला, सगळा संघच थंडीने कुडकुडलेला दिसतो! तथागतांनी आवाज करण्याचा निषेध केलाच, पण संघाची थट्टा करणाऱ्यालाही समज दिली. चुकणाऱ्याला सुधारणे आणि त्याचे हसे न होऊ देणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात आल्या आहेत.

राहुलाचे पाण्याचे भांडे

मग बौद्ध रीत कोणती? तिचा उत्तम नमुना मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. असत्य भाषणाविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकांनी बैराटच्या शिलालेखात आवर्जून केला आहे. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता असे अट्ठकथा सांगते. तथागत येताना दिसताच त्याने आसन मांडले आणि पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. तथागतांनी पाय धुतले, भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, "राहुल, हे थोडेसे पाणी दिसते का?" मग ते पाणी ओतून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले. प्रत्येक वेळी मुलाने आधी पाहावयाचे, मग उत्तर द्यावयाचे. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य असे रिकामे असते, हा बोध त्या पाहण्यातून निघतो. पुढे आरशाचा दृष्टान्त येतो. आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे : हिच्यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते का?

मुलाने स्वतःच्या हाताने आणलेले भांडे हेच येथे चित्र झाले आहे. भीती नाही, बक्षीस नाही, 'अमके लोक असे वागतात' अशी तुलना नाही. कसोटी एकच, दुसऱ्याला दुखते का? ही कसोटी दोन वर्षांच्या मुलालाही झेपते. खेळणे हिसकावून घेतल्यावर समोरचे मूल रडते, हे त्याला दिसते. चित्रपुस्तकाने त्याचे हे पाहणे वाढवावे. पानाखाली तात्पर्य छापले की मुलाचे पाहणे थांबते आणि मोठ्याचे सांगणे सुरू होते.

चौकटीसह चित्रे

जातक चित्रातून सांगण्याची परंपरा आपलीच आहे. भारहुतच्या कठड्यावरील कित्येक शिल्पांवर ब्राह्मी लिपीत जातकाचे नाव कोरलेले आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात छद्दन्त आणि वेस्सन्तर जातके भिंतीभर रंगविलेली आहेत. तेथे नाव आहे, चित्र आहे, तात्पर्याची पाटी नाही. फाउसब्योल यांनी १८७७ ते १८९६ ह्या काळात जातकट्ठकथेची रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. मराठी वाचकाला दुर्गा भागवत यांचा 'सिद्धार्थ जातक' हा अनुवाद उपलब्ध आहे. म्हणजे मूळ चौकट शोधणे आज अवघड राहिलेले नाही. ती शिशूंना सांगता येईल का, हा खरा प्रश्न.

माझ्या मते येईल. अडीच वर्षांच्या मुलाला जात म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. ते सांगूही नये. पण पहिल्या पानावर रात्र काढता येईल. आत काही जण पाय पसरून निजले आहेत, बाहेर झाडाखाली एक जण बसून आहे. दुसऱ्या पानावर कोणीतरी खाकरते, झाडाखालचाही खाकरतो. मुले हा आवाज पुन्हा पुन्हा काढतील. मग वड, तित्तिर, माकड, हत्ती. आणि शेवटच्या पानावर एकच लांब सतरंजी. एकच पाण्याचा माठ. नन्दिविसालाच्या पुस्तकात नाण्यांच्या थैलीऐवजी मालकाजवळ येऊन प्रश्न विचारणारा बैल मोठा काढावा. खुद्दकपाठातील कुमारपञ्हात 'एक म्हणजे काय?' ह्या प्रश्नाचे उत्तर 'सर्व प्राणी आहारावर जगतात' असे आहे. अंकांच्या चित्रपुस्तकाची सुरुवात 'एक चेंडू'ऐवजी ह्या एका भुकेने का होऊ नये? बौद्ध मुलाला 'वाटून खा' असे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

विहार समित्यांनी, बालवर्ग चालविणाऱ्या उपासिकांनी आणि आपल्यातील चित्रकारांनी हे काम हाती घ्यावे. तोपर्यंत, जी पुस्तके घरात आहेत ती फेकून देण्याचे कारण नाही. वाचून दाखविताना तात्पर्याचे पान उलटावे, चित्रापाशी थांबावे आणि मुलाला विचारावे : हा कोण? त्याला कोणी बोलावले नाही का? त्याचे नाव काय?

आमच्या घरी हे उशिरा सुचले. त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी माझी वहिनी मुलीला कडेवर घेऊन दाराशी गेली आणि तिने त्या बाईंना त्यांचे नाव विचारले. चार वर्षे त्या आमच्या दारी येत होत्या. आता मुलगी त्यांना नावाने, पुढे 'मावशी' लावून, हाक मारते. पुस्तकातील त्या चित्राखालचा शब्द आम्ही पेन्सिलीने खोडला आहे. तेथे काय लिहावे हे ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवील.